पंखा रात्रभर चालावा म्हणून



दर खेपेला आपण धान, तूर, खत आणि कीड यांच्याविषयी बोलतो. आज शिवारातून थोडे घरात येऊ. विषय आहे पंख्याचा. "पंख्यावर कृषी खात्याच्या माणसाने काय लिहायचे?" असे कोणी विचारील. पण मे महिन्यात ज्या घरात रात्रभर झोप नाही, त्या घरातली माणसे सकाळी शेतात काय काम करणार? म्हणून हा विषयही आपलाच समजा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. चामोर्शी तालुक्यातल्या, वैनगंगेच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका गावी मी खरिपापूर्वीच्या सभेला गेलो होतो. धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात कसे निवडायचे ते दाखवायचे होते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी टाकायचे, वर तरंगेल ते पोचट बी काढून टाकायचे, तळाशी बसेल ते वजनदार बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. सभा आटोपली, लोक पांगले, तोच एक म्हातारी माउली पुढे आली.

"साहेब, तुमाले त्या यंत्राबिंत्रातलं समजते म्हणतात. जरा आमच्या घरी चाला जी. पोरगी बाळंतपणाले आली हाये. लेकरू दहा दिवसांचं हाये. रातच्याले दोन वाजले की पंखा बंद पडते. मंग लेकरू रडते, अन् आमी सारे सुपानं वारा घालत बसतो."

मी निघालो. मे महिन्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रात्री घराच्या भिंती तापलेल्याच असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात वादळवारा आला की रात्री वीज जाते. त्या घरी म्हणून सौर पॅनेल, २० अँपियर-तासाची शिशाची बॅटरी, दोन छोटे दिवे आणि १२ व्होल्टचा एक साधा डीसी पंखा अशी व्यवस्था होती. घरातला नातू आयटीआयला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकत होता. जोडणी त्यानेच केली होती.

आधी हिशेब करू, मग दुरुस्तीकडे जाऊ. सवय तीच असावी. पंख्याला थेट बॅटरी जोडून आम्ही मल्टीमीटर लावला. पंखा दीड अँपियर घेत होता. बॅटरी २० अँपियर-तासांची खरी, पण शिशाची बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर ती लवकर मरते. निम्मीच वापरावी. म्हणजे हाती आले १० अँपियर-तास. दहाला दीडने भागा, साडेसहा तासांच्या थोडे वर जाते. त्यातून दोन दिव्यांचे आणि मोबाइलच्या चार्जिंगचे वजा करा. रात्री नऊला लावलेला पंखा दोनला बंद पडणार, यात नवल नाही. बिघाड बॅटरीत नव्हता. खर्चच मिळकतीपेक्षा जास्त होता.

आता पंख्याचा एक गुण लक्षात घ्या. पंख्याचा वेग थोडा कमी केला तर त्याची भूक पुष्कळ कमी होते. वेग निम्मा केला तर वाराही निम्मा होतो, पण त्या वाऱ्याला लागणारी ताकद हिशेबाने आठव्या भागावर येते. प्रत्यक्षात मोटारीची घासाघीस असते म्हणून इतकी बचत होत नाही, तरी खूप होते. त्याच पंख्याला आम्ही ८ व्होल्ट दिले. वारा अंगाला लागण्याइतका होता आणि प्रवाह दीडवरून ०.७ अँपियरवर आला. दहाला ०.७ ने भागा, चौदा तास निघतात. रात्र सरून जाते!

मग व्होल्ट कमी कसे करायचे? नातवाने पहिल्यांदा फिरवायची खुंटी असलेला तारेचा रोध लावला होता. पण रात्री नऊला घरात पस्तीस अंश उष्मा असतो, तेव्हा पंखा जोरात हवा. पहाटे चारला तीसवर येतो, तेव्हा हळू चालला तरी पुरे. पहाटे उठून खुंटी कोण फिरवणार? बाळंतीण की म्हातारी? म्हणून पोराने दुसरा विचार केला, आणि तो विचार मला फार आवडला. उष्म्याप्रमाणे पंखा आपोआप कमी-जास्त व्हावा, अशी जोडणी त्याने केली होती.

त्यासाठी त्याने वापरला होता एलएम ३१७ नावाचा व्होल्टेज रेग्युलेटर. तीन पायांचा, बोटाच्या पेराएवढा हा तुकडा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीत बॉब डॉबकिन या अभियंत्याने तो घडवला. इतक्या वर्षांनंतरही तो इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. त्याचे काम समजायला आपला मामा तलाव डोळ्यांसमोर आणा. तलावाच्या तोंडाशी एक माणूस बसवला आहे. खाली पाटात एक खूण केली आहे. पाणी खुणेच्या खाली गेले की तो तोंड जरा उघडतो, वर चढले की जरा मिटतो. तलावात पाणी किती आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, त्याची नजर फक्त खुणेवर.

३१७ चेही तसेच. छापलेली बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय 'अ‍ॅडजस्ट', मधला 'आउटपुट' आणि उजवा 'इनपुट'. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांत सव्वा व्होल्टचे, म्हणजे १.२५ व्होल्टचे अंतर राखणे, एवढीच त्याची खूण. या दोन पायांमध्ये एक रोध जोडतात आणि अ‍ॅडजस्ट पायापासून बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरा रोध जोडतात. पहिल्या रोधावर सव्वा व्होल्ट ठरलेले, म्हणून त्यातून ठरावीक प्रवाह वाहतो. तोच प्रवाह पुढे दुसऱ्या रोधातून जातो आणि तिथे त्या प्रमाणात व्होल्ट चढतात. दोन्हींची बेरीज म्हणजे पंख्याला मिळणारे व्होल्ट. सूत्र सोपे आहे: दुसऱ्या रोधाला पहिल्याने भागा, त्यात एक मिळवा आणि सव्वाने गुणा.

यातला एक रोध उष्म्याप्रमाणे बदलणारा असला तर? तसा रोध मिळतो, त्याला थर्मिस्टर म्हणतात. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. तापला की त्याचा रोध कमी होतो, थंडावला की वाढतो. तो पहिल्या रोधाच्या जागी, म्हणजे आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्या मध्ये बसवायचा. घर तापले की रोध घटतो, प्रवाह वाढतो, पंख्याचे व्होल्ट चढतात. दुसऱ्या जागी बसवला तर उलटे होईल: घर तापले की पंखा मंदावेल! पोराने जागा बरोबर धरली होती. २५ अंशांला एक हजार ओहमचा थर्मिस्टर आणि दुसरा साधा रोध ४,७०० ओहमचा.

मग पंखा दोनलाच का बंद पडत होता? "साहेब, मी वहीत हिशेब केला आहे. अठ्ठावीस अंशांला आठ व्होल्ट यायला पाहिजेत. पण पंखा रात्रभर जोरातच फिरतो," पोरगा म्हणाला.

त्याची वही पाहिली. हिशेब चोख होता. मग मी म्हटले, "हिशेब बरोबर आहे, आता डबी उघड."

पत्र्याची छोटी डबी होती. आत रेग्युलेटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने बसवलेला आणि थर्मिस्टर त्या पट्टीला अगदी चिकटून. पट्टीला हात लावला आणि पटकन मागे घेतला. चटका बसला.

बंधूंनो, इथे सगळी मेख होती. ३१७ जे व्होल्ट पंख्याला देत नाही, ते त्याच्या अंगावरच उष्णता होऊन निघतात. बॅटरी १२ व्होल्टची, पंख्याला दिले ८, मधले चार व्होल्ट गुणिले ०.७ अँपियर, म्हणजे जवळजवळ तीन वॉट उष्णता. तीन वॉट ऐकायला थोडे वाटतात, पण पेराएवढ्या तुकड्यावर ते पुष्कळ झाले. म्हणूनच त्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावावी लागते, नाहीतर तो तापून आतल्या आत स्वतःला बंद करून घेतो. आता या तापलेल्या पट्टीजवळ थर्मिस्टर बसला, की त्याला वाटणार घरात पन्नास अंश उष्मा आहे. तो पंख्याला जोरात पळवणार. पहाटे बाहेर गार झाले तरी डबीतले ऊन उतरत नाही. थर्मिस्टर खोटे बोलत नव्हता. त्याला जिथे बसवले तिथला उष्मा तो सांगत होता. चूक त्याला बसवण्याच्या जागेत होती.

आपणही असे करतोच की. बांधीच्या वरच्या टोकाला पाणी दिसले म्हणून तोंड बंद करतो, आणि खालच्या टोकाला धानाला भेगा पडतात. पाहायचे कुठे, हे आधी ठरवावे लागते.

उपाय साधा होता. थर्मिस्टरला दीड मीटरची दुहेरी तार जोडली, जोडांवर टेप गुंडाळली आणि तो डबीबाहेर काढून बाळंतिणीच्या खाटेच्या पाटीला, माणूस निजते त्या उंचीवर बांधला. भिंतीपासून आणि दिव्यापासून दूर. डबीच्या पत्र्याला खिळ्याने भोके पाडली, म्हणजे पट्टीची उष्णता निघून जाईल.

आणखी एक गोष्ट मी तपासली. ३१७ ची धातूची पाठ आतून आउटपुट पायाला जोडलेली असते. ती पट्टी जर ऋण तारेला किंवा ऋण तार जोडलेल्या पत्र्याला टेकली, तर शॉर्ट होते. पाठ आणि पट्टी यांच्या मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकची वाटी घालावी. पोराने ती घातली होती. मी त्याची पाठ थोपटली.

निघताना त्याला सांगितले, "आज रात्री तीन वेळा मोजून वहीत लिहून ठेव. न लिहिलेला प्रयोग म्हणजे न पेरलेले बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. पोरगा आकडे वाचू लागला. रात्री नऊ वाजता पस्तीस अंश, पंख्याला १०.३ व्होल्ट. बारा वाजता बत्तीस अंश, ९.४ व्होल्ट. पहाटे चारला तीस अंश, ८.७ व्होल्ट. प्रवाह साधारण १.१ अँपियरपासून ०.८ पर्यंत उतरलेला. सरासरी ०.९ धरली तरी साडेआठ तासांत आठ अँपियर-तासांच्या आतच खर्च. दिवे आणि मोबाइलला दोन उरले. इतक्यात त्याच्या हातून फोन आजीने घेतला.

"रातभर चालला जी साहेब. लेकरू निजलं, पोरगी निजली. मी मातर निजली नाई."

"का हो मावशी?"

"पंखा बंद पडते का काय, ते पाहत बसली होती!"

आता तुमच्यापैकी कोणाला घरी असे करायचे असेल तर काही गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट जिवाची. ही जोडणी फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवरच्या पंख्यासाठी आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला ३१७ कधीही जोडू नका. त्या पंख्याचा रेग्युलेटर वेगळा असतो आणि त्याची डबी उघडणे हे जाणत्या वीजतंत्र्याचेच काम आहे.

दुसरी, आपला पंखा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. कार्बन ब्रशच्या साध्या डीसी मोटारीचा वेग व्होल्टप्रमाणे कमी-जास्त होतो, तिथे ही युक्ती चालते. ज्या पंख्याला स्वतःचे वेगाचे बटण किंवा रिमोट आहे, त्याच्या पोटात आधीच इलेक्ट्रॉनिक मंडळ असते. त्याचे व्होल्ट बाहेरून उतरवू नका. त्याचेच बटण वापरा.

तिसरी, ३१७ जास्तीत जास्त दीड अँपियर देतो. पंखा त्याहून जास्त घेत असेल तर त्याच धाटणीचे एलएम ३५० तीन अँपियरपर्यंत आणि एलएम ३३८ पाच अँपियरपर्यंत चालतात. पण त्यांची उष्णताही जास्त, म्हणून पट्टी मोठी लागेल.

चौथी, ३१७ ला स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून पंख्याला साडेदहाच्या वर मिळणार नाहीत. भर दुपारी पूर्ण वेग हवा असेल तर दुतर्फी बटण बसवा: एका बाजूला रेग्युलेटरमधून, दुसऱ्या बाजूला थेट बॅटरीतून.

पाचवी, थांबलेल्या पंख्याला फिरवायला चालत्या पंख्यापेक्षा जास्त जोर लागतो, जसा रुतलेल्या बंडीला पहिला रेटा लागतो. व्होल्ट फार उतरवले आणि पाते फिरलेच नाही, तर मोटारीत प्रवाह वाहत राहतो आणि वारा नसल्याने ती तापून जळते. आपल्या पंख्याचे पाते किती व्होल्टला स्वतःहून सुरू होते ते आधी पाहून ठेवा आणि त्याच्या खाली उतरू नका.

सहावी, बॅटरीच्या धन टोकाजवळच पाच अँपियरचा फ्यूज लावा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण शॉर्ट झाल्यावर बॅटरी तार लाल करते, आणि आपली घरे कवेलू-लाकडाची. आग लागायला तेवढे पुरते.

कोणी विचारील, "साहेब, जे व्होल्ट उष्णता होऊन वाया जातात, ते वाचवता येणार नाहीत का?" येतात. त्याची दुसरी रीत आहे. प्रवाह मिटून बारीक करण्याऐवजी तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचा. चालू असण्याचा वेळ जास्त ठेवला की पंखा जोरात, कमी ठेवला की हळू. यात मधे उष्णता फार थोडी होते. अशा तयार वेगनियंत्रक डब्या बाजारात मिळतात. त्या रीतीने त्याच पंख्याला, तेवढ्याच वाऱ्यासाठी ०.७ ऐवजी बॅटरीतून अर्ध्या अँपियरच्या आसपास प्रवाह पुरला असता. ज्यांना नवीन घ्यायचे आहे त्यांनी हीच घ्यावी. घरी हाताने करून शिकायचे असेल तर ३१७ बरा. त्यात काय होते आहे ते दिसते, आणि तापले तर हाताला कळते.

घरातल्या २३० व्होल्टच्या पंख्याचेही थोडे सांगतो. जुन्या घरात अजून भिंतीवर मोठ्या चौकोनी डबीचा रेग्युलेटर असतो. त्यात तारेचे रोध असतात. पंखा हळू केला की डबी गरम होते, ती याच कारणाने: पंख्याला न दिलेली वीज डबीत जळते. नवे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज अशी जाळत नाहीत, म्हणून ते गार राहतात. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज उतरते आणि पंखा मंदावतो. त्याचेही गणित आहे. या मोटारीचा जोर व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १८० झाले तर जोर साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. अशा वेळी रेग्युलेटर बदलून उपयोग नाही, त्याने व्होल्ट उतरतात, चढत नाहीत. नवा पंखा घेताना त्यावरचे तारे पाहा. छताच्या पंख्यांना हे तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, ब्रश नसलेल्या मोटारीचा नवा पंखा तीसच्या आसपास. रात्री इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांना हा फरक तासांत मोजता येतो.

आणि बाळाच्या माउलींसाठी एक शब्द. पंख्याचा झोत थेट लेकराच्या तोंडावर धरू नका. वारा खोलीत खेळता ठेवा. म्हणूनही हळू फिरणारा पंखा बरा.

त्या घरी मी पावसाळ्यात पुन्हा गेलो. रोवणी सुरू होती. आजीने बांधावरूनच हाक मारली. बियाणे मिठाच्या पाण्यात निवडले होते, पऱ्हे चांगले तरारले होते. लेक सासरी गेली होती आणि पंखा कोपऱ्यात फडक्याने झाकून ठेवला होता. पोराची वही मात्र मी मागून घेतली आणि दोन पाने चाळली. पंख्याच्या आकड्यांच्या खाली त्याने नवे पान सुरू केले होते. वर लिहिले होते, "बांधी क्रमांक १, पाण्याची उंची, सकाळ." आणि खाली कंसात, "खालच्या टोकाला मोजली."

तुमच्या घरी असा कोणी खटपट्या पोरगा-पोरगी असेल, तर दोन-चार रुपयांचा सुटा भाग जळाला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. हातात एक वही द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा शिवारात जाऊ, धानावरच्या खोडकिड्याविषयी बोलू.